साक्ष द्यायची आहे, पण शेवट गोड नाही

दक्षिण_कसबा
जय ख्रिस्त, नमस्कार, सगळ्यांना सगळं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या शेवटच्या रविवारी तरुण संघाची वेगळी सभा असते. यावेळचा विषय 'निराशेत आशा' आणि साक्षीसाठी पाळकसाहेबांनी माझं नाव घातलंय. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: साक्ष म्हणजे उपदेश नव्हे. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. लहानपणापासून ऐकत आलोय, साचा ठरलेला. आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो. कर्ज होतं, फिटलं. नोकरी नव्हती, लागली. आमेन, मग चहा.

माझं असं आहे. डिग्री झाली, पुण्याला गेलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. अभ्यासिका, मेस, राज्यसेवा. पूर्व निघायची, मुख्यला घोडं अडायचं. एकदा मुलाखतीपर्यंत पोचलो आणि अंतिम यादीत नाव नव्हतं. घरचे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. शेवटी गाद्या-पुस्तकं विकून हुतात्मा एक्स्प्रेसनं परत आलो. आता एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅच आणि जीएसटीची बिलं बघतो. वय अजून बसतंय, पण फॉर्म भरणं बंद केलंय.

म्हणजे माझ्या साक्षीत शेवटी नोकरी लागतच नाही. प्रार्थना झाल्या, आईचे उपवास झाले, आणि काम झालं नाही. विश्वास गेला का? नाही. पण 'देवाची काहीतरी योजना असेल' असं कोणी म्हटलं की डोकं सणकतं. त्यातून बायबलमधलं यिर्मया २९:११. "ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." आमच्या हॉलमध्ये याची फ्रेम आहे, कॅलेंडरवर आहे, आणि यादी लागली त्या रात्री व्हॉट्सॅपवर गुलाबाच्या फुलासकट किती जणांकडून आलं विचारू नका. त्यातल्या एकानं फोन केला असता तर चाललं असतं.

समोर विशीतली पोरं असणार. निम्मी पोलीस भरती, सरळसेवा, नर्सिंग, टीईटीच्या रांगेत. त्यांना खोटं न बोलता काय सांगू?

विनंती: ताणा-बाणा, तुटलेला धागा आणि विणकर देव हे उदाहरण कृपया नको. सोलापुरात दर तिसऱ्या उपदेशात येतं.

शेंगाचटणी
तुटलेला धागा नको म्हणून नवीन धागा काढलास बे.
मी पण मुख्यवालाच. आता हिंजवडीत. वाचतोय.

विजयी_जीवन
प्रिय भाऊ, तुमच्या लिहिण्यात पराभवाची कबुली फार आहे. मरण आणि जीवन जिभेच्या अधीन आहे असं नीतिसूत्रे सांगतात. वय बसतंय तर फॉर्म का भरला नाही? देव मोठा आहे, तुम्ही मागणं लहान केलंत. माझं ऐका, या रविवारी साक्ष देऊ नका. फॉर्म भरा, विश्वासानं धरून ठेवा, आणि पुढच्या वर्षी विजयाची साक्ष द्या. तरुणांपुढे अर्धवट गोष्ट ठेवली तर त्यांचाही विश्वास डळमळेल.

शंकेखोर
मी ख्रिस्ती नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरंही काही नाही. मूळ सोलापूरचा म्हणून डोकावलो. धागाकर्त्याचा प्रामाणिकपणा आवडला म्हणून सरळ विचारतो. निकाल लागला तर देवाची कृपा. नाही लागला तर देवाची योजना. मग असा कुठला निकाल आहे जो आल्यावर तुम्ही म्हणाल की हे चुकलं? तसा नसेल तर 'आशा' म्हणजे फक्त मन रमवणं झालं. रागावू नका.

संडेस्कूलबाई
शंकेखोर, रागावत नाही. हा प्रश्न पवित्र शास्त्रातच आहे, तोही ज्या वचनावरून दक्षिण_कसबा वैतागलेत त्याच्या एक अध्याय आधी. लोक २९ची एक ओळ फ्रेम करतात आणि २८ वाचत नाहीत. म्हणून जरा लांबण लावते.

प्रसंग असा. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतली चांगली चांगली माणसं, कारागीर, लोहार, सरदार सगळे उचलून बाबेलला नेले होते. मंदिरातली पात्रंही नेली होती. मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न: हे कधी संपणार? यिर्मया संदेष्टा मानेवर लाकडी जू घालून हिंडत होता, म्हणजे 'हे ओझं वाहावं लागणार' असं दाखवत होता. तेव्हा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात भर गर्दीत उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. पात्रं येतील, राजा येईल, माणसं येतील. परमेश्वर असं म्हणतो. लोकांना काय वाटलं असेल बघा! तारीख मिळाली.

आणि यिर्मया काय म्हणाला? "आमेन." परमेश्वर असंच करो, असं म्हणाला. मला हे फार आवडतं. त्यालाही तेच हवं होतं, त्याची माणसं तिकडे अडकली होती. पण त्यानं पुढे सांगितलं की शांतीचं भविष्य सांगणाऱ्याची परीक्षा एकच, ते खरं ठरलं तर तो देवानं पाठवलेला. मग हनन्यानं त्याच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं, आणि यिर्मया निघून गेला. भांडत बसला नाही. नंतर त्याला संदेश आला तो असा: लाकडी जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडी येईल. हनन्या त्याच वर्षी मेला.

म्हणजे शंकेखोर, आशा खोटी ठरू शकते हे शास्त्राला मान्य आहे. नुसतं मान्य नाही, खोटी आशा वाटणाऱ्याला तिथे माफी नाही.

आता २९. हे पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेलं. त्यात 'हिताचे संकल्प' याच्या बरोबर आधीच्या ओळीत आकडा आहे: सत्तर वर्षं. हनन्या दोन म्हणाला होता, यिर्मया सत्तर म्हणतो. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातल्या बहुतेकांनी परत जाणं पाहिलंच नसणार. आणि मग या लोकांनी तोवर करायचं काय? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं खा. पोरांची लग्नं करा. आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी!

त्या फ्रेममध्ये ११ ऐवजी ५ ते ११ लावा असं मी आमच्या कमिटीला सुचवलं होतं. भिंतीवर मावणार नाही म्हणाले.

शंकेखोर
हे माहीत नव्हतं. पण सत्तर वर्षं म्हणजे ऐकणारा मेलेलाच. तपासायला कोण येणार? सोयीचं झालं की.

संडेस्कूलबाई
सोयीचं कुणाला? लोकांनी टाळ्या हनन्यासाठी वाजवल्या असणार. यिर्मयाला पुढे विहिरीत टाकलं, चिखलात रुतला होता.

दक्षिण_कसबा
बाई, २८ मी नक्की कधीतरी वाचला असेन, पण असा नाही. पुण्यात आम्ही सगळेच हनन्या होतो. 'या वर्षी जागा जास्त निघणार', 'या वेळी कट-ऑफ खाली येणार', 'अजून एक अटेम्प्ट, बास'. क्लासवाल्यांचं तर पोटच त्यावर. चहाच्या टपरीवर कुणी म्हटलं की सत्तर वर्षं, तर त्याला उठवून लावलं असतं.

@विजयी_जीवन, तुमचं म्हणणं वाचलं. उत्तर देईन, जरा विचार करतो.

जुनी_गिरणी
(आजोबा बोलतायत, मी टाइप करतोय. त्यांना मोबाईलवर दिसत नाही. ते बोलले तसंच लिहितोय.)

पोरा, सोलापुरात गिरणीचा भोंगा वाजला की गाव उठायचं. जुनी मिल १८७७ची, तिच्यामागनं बाकीच्या आल्या. मी बदली कामगार म्हणून लागलो, मग कायम झालो. कुठली गिरणी ते सांगत नाही. बंद पडली तवा पोरं शाळंत होती. लई दिवस आमी रोज गेटावर जायचो. डबा घेऊन! उद्या उघडंल, परवा उघडंल. पुढारी सांगायचे, इलेक्शनला उभारलेले सांगायचे. त्या बाईनं कुणाचं नाव घेतलं, हनन्या, तसले लई होते. गिरणी बंद पडून जेवढं वाटोळं झालं नाही तेवढं त्या गेटावर बसून झालं. एकमेकाला सोडून उठायला पण लाज वाटायची, उठलं की आशा सोडली म्हणतील.

आमची मंडळी, म्हंजे बायको, मात्र दुसऱ्याच आठवड्यात शेजारणीबरोबर कारखान्यातनं पानं-तंबाखू घेऊन आली आणि विड्या वळायला बसली. तिला कुणी तारीख दिली नव्हती. तिला हजार विड्याचा हिशोब होता.

देवावर रागावलो का? रागावलो की. चर्चला जायचो पण शेवटच्या बाकावर. गाणं म्हणायचो नाही, तोंड मिटून. तवाच्या पाळकसायबांनी मला उपदेश केला नाही. म्हणाले, घंटेचा माणूस गावाला गेलाय, येत्या रविवारी तुमी वाजवा. तो माणूस काय परत आला नाही. मीच वाजवत राहिलो. रविवारी कुणीतरी माझी वाट बघतंय एवढं झालं. गिरणीचा भोंगा गेला, घंटा आली.

देणी मिळाली का विचारशील. थोडी मिळाली, बाकीची नाय.

शेंगाचटणी
आजोबांना दंडवत. ऑफिसात बसून डोळे पुसलालोय, बाजूचा विचारतोय काय झालं.

वाळवंट
पंढरपूरकर आहे, माळकरी आहे. बोलू का मध्ये? संडेस्कूलबाईंनी पत्र सांगितलं ते वाचून तुकोबा आठवले. "ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान." यिर्मया हेच सांगतोय असं मला वाटलं. की फरक आहे?

दक्षिण_कसबा
माउली, बोला की. टिळक, म्हणजे आमचे रेव्हरंड नारायण वामन, स्वतः म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांची भजनं आम्ही अजून दर रविवारी म्हणतो.

फरक सांगायला मी काही शास्त्री नाही. मला 'समाधान' हा शब्द जड जातो एवढंच. माझ्या चित्ती ते नाही. आणि शास्त्रात समाधान नसलेल्यांची गर्दी आहे. हबक्कूक संदेष्टा पहिल्याच ओळीत ओरडतो, किती वेळ हाका मारू, तू ऐकत नाहीस. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' वगैरे वळणसुद्धा नाही. ते स्तोत्र कुणीही काढून टाकलं नाही, याचा मला मोठा आधार वाटतो.

वाळवंट
मग तुम्ही तुकोबा अर्धेच वाचलेत. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला घालून-पाडून बोलणारे अभंग काढा, गाथ्यात भरपूर आहेत. दुष्काळात घर बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मग हे सगळं आलं. समाधान आयतं नव्हतं.
एक गोष्ट सांगितली जाते. सावकारीची जुनी खतं, म्हणजे कर्जाचे कागद, घरात होती, ती त्यांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. येणं बाकी होतं त्याची आशाच सोडली. मला वाटतं माणूस मोकळा तिथे होतो.

संडेस्कूलबाई
माउली, काय आठवण काढलीत! तुमच्याकडे खतं बुडवली, आमच्या यिर्मयानं खत मडक्यात घालून ठेवलं. यिर्मया ३२ वाचा कुणीही. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेला वेढा घातलाय. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. शहर पडणार हे त्यानंच सांगितलंय. अशात चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, आपल्या अनाथोथ गावची जमीन विकत घे, हक्क तुझा आहे. म्हणजे शत्रू ज्या मुलखात तळ देऊन बसलाय तिथली जमीन. आणि हा घेतो! सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखत मोहोरबंद करतो आणि मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. कारण काय, तर या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

त्यानं स्वतः ती जमीन कसली का? नाही. नंतर लोकांनी त्याला ओढत मिसर देशात नेलं.

आणि गंमत म्हणजे व्यवहार पुरा केल्यावर हा देवालाच विचारतो की अरे, वेढा पडलाय आणि तू मला जमीन घ्यायला सांगतोस? आधी सही, मग शंका.

शंकेखोर
सातबारा नावावर, कब्जा शत्रूचा. सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही तलाठी समजून घेईल.
पण हे मला पटलं, थोडंसं. मन रमवणाऱ्यानं पैसे मोजले नसते.

केडगाव_लोकल
साक्षीला माणूस हवाय ना? पंडिता रमाबाई घ्या. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं. दक्षिण_कसबा, तुम्ही हुतात्मानं कितीदा गेलात-आलात, गाडी तिथूनच जाते. मुक्ती मिशन तिथलं.

बाईंचा जन्म १८५८चा. तरुणपणीच दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण गेली. भाऊ राहिला होता, त्याच्याबरोबर पायी हिंडल्या, १८८०मध्ये तोही गेला. लग्न केलं, नवरा १८८२मध्ये कॉलऱ्यानं गेला, पदरात तान्ही मनोरमा. ख्रिस्ती झाल्या १८८३मध्ये, म्हणजे इतकं सगळं होऊन गेल्यावर. विश्वास धरला आणि मग सुख आलं, असं मात्र नाही. १८८९ला मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा काढली, मग ती पुण्याला नेली, आणि १८९३मध्ये धर्मांतराच्या वादात सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांच्या भरवशावर काम उभं केलं तेच गेले. त्यानंतर दुष्काळ पडला आणि केडगावच्या माळावर शेकडो बायका-मुली येऊन राहिल्या.

माझा मुद्दा मात्र शेवटच्या वर्षाचा आहे. मनोरमाबाई आईच्या पश्चात सगळं बघणार हे ठरलेलं होतं. आपल्याच लाइनीवर सोलापूरच्या पुढे गुलबर्ग्याला शाळा चालवण्यात त्यांचा हात होता. १९२१मध्ये त्या गेल्या, आई मागे. रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतराचं काम तेव्हा चालू होतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. एकुलती एक मुलगी गेल्यावर त्या बाईनं छपाईची मुद्रितं तपासली. ते काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ला गेल्या.

'पण शेवटी बघा कसं देवानं सगळं छान केलं' असं या चरित्रात कुठेच म्हणता येत नाही. तरी ही साक्ष नाही असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? @विजयी_जीवन, तुम्हालाच विचारतोय.

विजयी_जीवन
रमाबाईंबद्दल वाद नाही, त्या महान होत्या. माझं म्हणणं तुम्ही सगळे बाजूला सारताय. मी मागायला सांगितलं. प्रभू येशूनं स्वतः गेथशेमाने बागेत मागितलं, हा प्याला, म्हणजे क्रूसावरचं मरण, टळू दे. घाम रक्तासारखा पडला. आधीपासून 'जसं तुझ्या मनात' म्हणून गप्प बसला नाही. आजकाल विश्वासणारे मागतच नाहीत, कारण नाही मिळालं तर वाईट वाटेल. त्याला ते परिपक्वता म्हणतात. मी त्याला भीती म्हणतो. धागाकर्त्यानं फॉर्म भरणं थांबवलं ते देवानं सांगितलं म्हणून की पुन्हा यादी बघवणार नाही म्हणून, हे त्यानं स्वतःला विचारावं.

दक्षिण_कसबा
हे लागलं. आणि बरोबर आहे. यादी बघवणार नाही, हेच खरं कारण.
तरी गेथशेमानेतलं मागणं तसं मिळालं नाही, हेही तुम्ही मान्य कराल.

विजयी_जीवन
तसं मिळालं नाही. बरोबर. तिसऱ्या दिवशी मिळालं ते त्याहून मोठं होतं.

रात्रपाळी
सिव्हिलला नर्स आहे, आत्ता ड्युटी संपली. दोन गोष्टी लिहिते आणि झोपते.

एक. 'निराशा' विषयावर पोरांसमोर बोलणार असाल तर आध्यात्मिक निराशा आणि आजार यात फरक असतो हे जरूर सांगा. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, जगून काय करू असं मनात येतं, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नव्हे. डॉक्टरला दाखवा. टेलि-मानसचा नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फळ्यावर लिहा. यादी लागते त्या आठवड्यात आमच्याकडे काय काय येतं ते मी इथे लिहिणार नाही.

दोन. पुनरुत्थानाच्या सकाळी ज्या बायका कबरेकडे गेल्या त्यांच्याबद्दल. उपदेशात त्यांना आशेचं उदाहरण करतात. मला ते पटत नाही. त्यांच्याकडे आशा नव्हती, सुगंधी द्रव्यं होती. त्या मेलेल्या माणसाला लावायला गेल्या होत्या. शुक्रवारी तयार केली, शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, थांबल्या, पहाटे निघाल्या. धोंड कोण लोटणार हेसुद्धा ठरलेलं नव्हतं, वाटेत बोलत होत्या. मी रात्रपाळीला मृतदेह पुसून, नीट करून नातेवाइकांच्या हवाली करते. ते काम आशेनं होत नाही. त्या माणसाचं आपल्याकडे काहीतरी देणं आहे म्हणून होतं. आणि ज्यांच्याकडे आशा वगैरे बोलायला वेळ होता ते पुरुष दार लावून आत बसले होते.

माफ करा, दमलेय म्हणून तिखट लिहिलं गेलं.

शेंगाचटणी
तिखट नाही ताई, बरोबर आहे. दक्षिण_कसबा, साक्ष यांनाच द्यायला सांग बे.

संडेस्कूलबाई
सिस्टरबाईंनी डॉक्टरचं लिहिलं ते फार बरं केलं. एलिया संदेष्ट्याचं यात जोडा. रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला, तेव्हा त्याला पहिल्यांदा मिळाली ती भाकर आणि पाणी. मग झोप. मग पुन्हा भाकर. हे सगळे सांगतात. पुढचं सहसा सांगत नाहीत. होरेब डोंगरावर देवानं त्याला तीन कामं दिली: हजाएलला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलाचा, आणि अलीशाला तुझ्या जागी. यातलं एलियाच्या हातून एकच झालेलं दिसतं, अलीशाचं. बाकीची दोन पुढे अलीशाच्या काळात झाली, येहूचा अभिषेक तर अलीशाच्या एका शिष्यानं केला. तीनपैकी दोन कामं शिल्लक असताना एलिया गेला, आणि तरी त्याला कुणी नापास म्हणत नाही.

निकाल_राखीव
नमस्कार. मी बहुतेक त्या रविवारी समोर बसणाऱ्यांतलाच आहे, म्हणून नाव देत नाही. भरतीत लेखीला गेलो, दोन गुणांनी राहिलो. सगळं वाचलं. दादा, एकच विचारायचं होतं. तुम्ही पुण्यात घालवलेली वर्षं फुकट गेली असं वाटतं का? खरं सांगा, साक्षीतलं नको.

दक्षिण_कसबा
खरं सांगतो. काही फुकट गेली. तेच तेच पुस्तक पुन्हा वाचलं ती, आणि निकालाची वाट बघत काहीच केलं नाही ते महिने. बाकीची नाही. राज्यघटना, अर्थशास्त्र, जमीन महसूल, हे डोक्यात बसलंय ते कुठे जात नाही. कारखान्यातल्या एका बाईंना पीएफचा अर्ज भरून दिला, आता दुपारच्या सुट्टीत रांग लागते. मी त्याला 'देवाची योजना' म्हणणार नाही. देवानं मला मुलाखतीत पाडलं ते पीएफच्या अर्जासाठी, असं म्हटलं तर देवाचाच अपमान. पण बाबेलमध्ये आहे, तर तिथल्या रांगेतल्या माणसांचं काम करायचं, एवढं मला त्या पत्रातून कळलं.

रविवारी बोलायचं ते साधारण ठरलंय. गोष्ट आहे तशी सांगणार, यादीपर्यंत. मग हनन्या आणि यिर्मया, मडक्यातलं खत. घंटेचं आजोबांच्या परवानगीनं. १४४१६ फळ्यावर. विजयी_जीवन यांचा मुद्दाही मांडणार, की मागणं बंद करू नका. फॉर्म मी भरायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि ते तसंच सांगणार.

आणि एक काम काढलंय. चर्चचा हॉल सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतो. पंखे आहेत, टेबलं आहेत. भरतीवाली पोरं घरी दोन खोल्यांत सात माणसांत अभ्यास करतात, अभ्यासिकेची फी सगळ्यांना झेपत नाही. संध्याकाळी सहा ते दहा हॉल उघडा ठेवायचा, जातधर्म न विचारता, असा अर्ज मी कमिटीला दिलाय. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र मी बघतो. गणिताला कुणी नाही.

शेंगाचटणी
गणित आणि बुद्धिमत्ता मी घेतो. शनिवारी ऑनलाइन, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येतो. फी म्हणून पाव किलो चटणी आणि कडक भाकरी.

जुनी_गिरणी
आजोबा विचारतायत, किल्ली कुणाकडं राहणार? ते सहाला उघडायला येतो म्हणतायत.

वाळवंट
जुनी पुस्तकं आहेत माझ्या मुलाची, तलाठी भरतीची. पंढरपूरहून एसटीनं पाठवतो.

शंकेखोर
प्रार्थना सक्तीची नसेल तर इंग्रजी व्याकरण मी घेऊ शकतो.

दक्षिण_कसबा
सक्ती नाही. कमिटीची बैठक बुधवारी आहे. हॉल द्यायला कुणाची हरकत नाही, लाइटबिल कुणी भरायचं यावर अडलंय.